सगळ्यांच्या वतीने

ऑफिसात तिला सगळे मास्तरीण म्हणायचे, आणि ते काही कौतुकाने म्हणत नसत.

खरं तर ती खरेदी विभागात होती. काचा, रबराच्या पट्ट्या, स्क्रू, बिजागऱ्या वेळेवर आणि बऱ्या भावात कुठून मिळतील हे बघणं तिचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण एकदा साहेबांच्या केबिनमधला अडून बसलेला प्रिंटर तिने चालू करून दिला आणि तिथेच तिची मान अडकली. "मॅडम, तुम्हाला यातलं कळतं," असं साहेब म्हणाले, तेव्हा तिला बरं वाटलं होतं. पुढे कितीतरी दिवस ती त्या बरं वाटण्यावर चडफडत होती.

कंपनी खिडक्या-दारं बनवायची. मागे शेडमध्ये कटिंग, पुढे ऑफिस, मध्ये एक सरकतं दार. सगळा कारभार तोंडी. मापं घेणारा माणूस साइटवरून फोन करायचा, जो उचलेल तो हाताला लागेल त्या चिठोऱ्यावर आकडे लिहायचा, ते चिठोरं कुणाच्या तरी कपाखाली जाऊन ओलं व्हायचं, आणि शेवटी कटिंगचा मुकादम दारात उभा राहून गर्जायचा, "अरे, जिन्यावरच्या खिडकीचं कुणी काही सांगणार आहे का, की मी अंदाजाने कापू?" कधीकधी तो खरंच अंदाजाने कापायचा.

म्हणून साहेबांनी ते सॉफ्टवेअर घेतलं. त्यात प्रत्येक कामाचा वेगळा गट, तिथेच नकाशा, तिथेच मापं, तिथेच कोण काय म्हणालं ते, आणि मंजुरीसाठी एक हिरवं बटण. त्याचं परदेशी नाव कुणाच्या जिभेवर बसेना. मुकादम त्याला "ती पाटी" म्हणाला आणि तेच नाव पडलं. ही पाटी सगळ्यांना शिकवायची जबाबदारी मास्तरणीवर आली. खरेदीचं काम होतं तसंच होतं, ते काही कमी झालं नाही.

पहिल्या आठवड्यात सगळे कौतुकाने आले, बसले, पडद्याकडे बघून माना डोलावल्या. नव्याचे नऊ दिवससुद्धा भरले नाहीत. मापं घेणाऱ्याने साइटवरचे फोटो पाटीवर टाकायचे होते, त्याने ते तिच्या खाजगी फोनवर पाठवले आणि खाली लिहिलं, "तुम्ही टाका." लेखनिकाने जिन्याच्या खिडकीचा नकाशा वाढदिवसाच्या गटात टाकला. वाढदिवसाचा गट कुणी बनवला ते शेवटपर्यंत कळलं नाही. मुकादम दोन बोटांनी एक एक अक्षर शोधायचा आणि सापडलं नाही की स्क्रीनकडे बघून अशी काही शिवी हासडायचा की रिसेप्शनवरच्या वहिनी फोनवर हात ठेवायच्या.

आणि नकाशे तपासणारे भाऊ. त्यांच्या मंजुरीशिवाय शेडमध्ये करवत फिरायची नाही असा नियम होता. भाऊंना काहीही विचारलं तरी एकच उत्तर यायचं: "बघतो." त्या "बघतो"चा अर्थ हो, नाही, उद्या, कधीच नाही आणि मला ऐकू आलं नाही, यांपैकी काहीही असू शकायचा. पाठीमागे सगळे त्यांना "बघतो"च म्हणायचे.

"भाऊ, हे हिरवं बटण दिसतंय ना? नकाशा पाहिलात, बरोबर वाटला, की ते दाबायचं."

"बघतो."

"नंतर नाही, आत्ता एकदा दाबून बघा."

भाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि बटणाच्या बाजूला दाबलं. पुन्हा बाजूला. तिसऱ्यांदा गट बंदच झाला. मास्तरणीचा संयम मुळात तोकडा, त्यात तिकडे काचवाल्याचा ट्रक येऊन उभा. "द्या इकडे, मी करते," असं म्हणून तिने माऊस ओढून घेतला आणि बटण दाबलं. भाऊ खुर्चीत मागे रेलले. त्यांना तेच हवं होतं.

हे तिच्याकडून रोज व्हायला लागलं. आधी ती समजावायची, मग तेच पुन्हा समजावायची, मग आवाज चढायचा, मग "द्या इकडे." पालथ्या घड्यावर पाणी. घरी गेल्यावर ती चपला काढता काढताच सुरू व्हायची, आणि नवरा गुपचूप भाजी चिरायला घ्यायचा.

साहेबांनी त्यात भर घातली. दर आठवड्याला कुणी पाटी किती वापरली याचा आलेख ते मोठ्या पडद्यावर दाखवायला लागले. ज्याची रेघ सर्वांत आखूड, त्याला सगळ्यांसमोर उभं करून कारण विचारायचे. मुकादम, ज्याने अर्धं आयुष्य करवतीच्या पात्यापाशी न घाबरता काढलं, तो त्या पडद्यासमोर खाली मान घालून उभा राहिला. त्या दिवशी मास्तरीण मागच्या लोखंडी पायऱ्यांवर जाऊन एकटीच बसली. आपण हे काम घेतलंच का, असं तिला झालं.

मग अचानक सगळं बदललं.

रेघा वाढायला लागल्या. मुकादमाची वाढली, भाऊंची वाढली, लेखनिकाची तर भसाभस वाढली. नकाशे योग्य त्या गटात यायला लागले. मंजुऱ्या वेळेवर पडायला लागल्या. भाषासुद्धा सुधारली. मुकादम लिहायचा, "कृपया सुधारित माप कळवावे, ही विनंती." भाऊ लिहायचे, "नकाशा पाहिला, मंजूर. धन्यवाद." लेखनिकही शेवटी धन्यवाद लिहायचा, आणि मापं घेणाराही. मास्तरणीला वाटलं, चला, लेखी बोलताना माणूस सभ्य होतो म्हणतात ते खोटं नाही. जे डोळ्यांसमोर होतं ते तिला दिसलं नाही, कारण तिला जे बघायचं होतं तेवढंच ती बघत होती.

आणि एके दिवशी साहेबांचा संदेश आला, सगळ्यांना दिसेल असा: "मॅडम, तुम्ही चिकाटीने जे केलंत ते सोपं नव्हतं. आम्हाला शिकवणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं. तुमचे मनापासून आभार. धन्यवाद."

बसमध्ये तिने तो पुन्हा पुन्हा वाचला. घरी नवऱ्याला दाखवला, नणंदेलाही दाखवला. नणंद गाडी चालवायला शिकवायची. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून तिचा स्वभाव कोरडा झाला होता.

"इतकी माणसं एकदम शिकली?" नणंद म्हणाली. "माझ्याकडे तर एक शिकतो आणि दुसरा खांबाला धडकतो."

"तुला माझं कधी चांगलं बघवतं का गं, वन्सं?"

"बघवतं की. म्हणून तर विचारतेय."

मास्तरीण त्या संध्याकाळी तिच्याशी बोलली नाही.

पुढे एका दवाखान्याच्या नव्या इमारतीचं काम आलं. मोठं काम, दोन मजल्यांच्या खिडक्या. मापं घेऊन झाली, नकाशा बनला, पाटीवर चढला. मग बांधकामवाल्यांनी खिडक्यांच्या जागांना आतून जाड थर द्यायचा बेत रद्द केला, म्हणजे त्या जागा मोठ्या झाल्या. मापं घेणाऱ्याने लेखनिकाला फोनवर नवी मापं कळवली. नवा नकाशा व्हायच्या आत जुन्या नकाशाखाली भाऊंच्या नावाने "पाहिला, मंजूर. धन्यवाद" असं पडलं, हिरवं बटण दाबलं गेलं, आणि शेडमध्ये करवत फिरली. खिडक्या बनल्या, काचा बसल्या, ट्रकमधून दवाखान्यात गेल्या. तिथे पहिली चौकट भिंतीत धरली तर दोन्ही बाजूंनी हात आरपार जाईल एवढी फट. दुसरी तशीच. सगळ्याच तशा.

साहेबांनी सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बोलावलं. वहिनी तेवढ्या नव्हत्या. त्यांच्या लेकीचे दिवस भरले होते, त्या सकाळपासून रजेवर होत्या.

साहेबांनी भाऊंच्या नावाची ती ओळ पडद्यावर मोठी करून दाखवली. "हे काय आहे, भाऊ?"

"मी हे लिहिलेलं नाही," भाऊ म्हणाले.

"तुमचं नाव आहे, तुमचा फोटो आहे."

"असेल. मी लिहिलेलं नाही."

सगळे भाऊंकडे असे बघायला लागले की बिचाऱ्याचा चेहरा उतरला. मास्तरणीलाही त्यांचा राग आला. इतकी सोय करून दिली, आणि आता हा माणूस कानांवर हात ठेवतोय. तिने आपल्या फोनवर पाटी उघडली, त्या कामाचं सगळं दाखवायला, आणि तिच्या लक्षात आलं की आज सकाळपासून तिथे एकही ओळ नाही. गजबजलेला बाजार एकदम उठावा तशी पाटी ओस पडली होती.

साहेब म्हणाले, "ठीक आहे. तोंडी काही नको. प्रत्येकाने या कामात आपण काय केलं ते आत्ता, माझ्यासमोर, पाटीवर लिहायचं."

कुणी हललं नाही. लेखनिक नखं बघायला लागला. मापं घेणारा खिडकीबाहेर बघायला लागला. मुकादमाने फोन काढला, पाटीच्या दारातच थांबला, बराच वेळ त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत राहिला. मग तो मास्तरणीकडे वाकला आणि त्याला जमेल तेवढ्या हळू, म्हणजे सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मॅडम, माझा पासवर्ड काय आहे?"

"तुमचा पासवर्ड मला कसा माहीत असेल?"

"मग वहिनींना फोन लावावा लागेल," मुकादम म्हणाला.

तिला क्षणभर काही उमगेना. मग ते सगळे "कृपया", ते सगळे "धन्यवाद", एकाच हाताने घातलेल्या टाक्यांसारखे तिच्यासमोर ओळीने उभे राहिले. तिने लेखनिकाकडे पाहिलं. त्याने मान हलवली. मापं घेणाऱ्याने मान हलवली. भाऊ म्हणाले, "मी तेच सांगतोय मघापासून."

आता साहेब भडकणार, या अपेक्षेने तिने त्यांच्याकडे पाहिलं. साहेब भडकले नाहीत. ते आपला फोन हळूच टेबलावर पालथा ठेवत होते.

"साहेब," ती म्हणाली, "तुमचा?"

"म्हणजे असं आहे, मॅडम," साहेब म्हणाले, "मला इतकं सगळं वाचायला वेळ कुठे असतो. मी वहिनींना सांगून ठेवलं होतं, जे योग्य वाटेल ते माझ्या वतीने लिहीत जा."

तिने खुर्ची मागे सरकवली आणि बाहेर पडली. शेडमधून, काचा उभ्या ठेवायच्या घोड्यांमधून, पार मागच्या फाटकापर्यंत चालत गेली. अख्खी पाटी एक बाई एकटी चालवत होती. आणि तो संदेश, तो बसमध्ये वाचलेला, नवऱ्याला दाखवलेला संदेश. तिला रडू येत नव्हतं. काहीतरी फोडावंसं वाटत होतं, आणि आजूबाजूला सगळी काचच होती, म्हणून तिने हात खिशातून काढले नाहीत.

संध्याकाळी नणंदेला सांगितलं, तेव्हा नणंद हसली नाही, हे तिचं मोठेपण.

"माझ्या गाडीत माझ्या पायाखालीही ब्रेक असतो," नणंद म्हणाली. "तो मी दाबला की पोरं निवांत होतात. मग स्वतःहून दाबतच नाहीत. तू किती वेळा दाबलास?"

"सारखाच," मास्तरीण म्हणाली.

वहिनी दोन दिवसांनी आल्या, नात झाल्याची बर्फी घेऊन, आणि रिसेप्शनवर पर्स ठेवायच्या आधीच त्यांना कळलं की बिंग फुटलंय. वहिनी म्हणजे कुणाच्या वहिनी नव्हेत. त्यांचा नवरा पूर्वी शेडमध्ये होता, सगळ्यांचा थोरला भाऊ असल्यासारखा. तो काम सोडून गेला तरी वहिनी राहिल्या आणि नातं राहिलं. तरुणपणी त्यांनी टायपिंगच्या परीक्षा दिल्या होत्या. बोटं अजून तशीच धावायची.

मास्तरणीने त्यांना सामानाच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"वहिनी, का केलंत हे?"

"आधी मुकादम आला होता," वहिनी म्हणाल्या. "त्या पडद्यासमोर उभा राहिल्यानंतर. म्हणाला, वहिनी, दोन ओळी लिहून द्या, मला परत तसं उभं राहायचं नाही. दिल्या. मग लेखनिक आला. मग सगळेच. मला जड नव्हतं. दिवसभर फोन वाजायची वाट बघत बसण्यापेक्षा बरंच."

"मला विचारायचं होतं त्यांनी. मी शिकवायला होते ना."

वहिनींनी पदराचं टोक नीट केलं. "तुम्ही चिडायच्या, मॅडम. मी चिडत नाही."

मास्तरीण जवळच्या खोक्यावर बसली. "आणि भाऊंची मंजुरी?"

"मी विचारलं होतं त्यांना. दारातून विचारलं, दवाखान्याचा नकाशा बरोबर आहे ना? ते बघतो म्हणाले आणि मानही हलवली. मला वाटलं, पाहिलाय, हो म्हणतायत." वहिनींचा आवाज पहिल्यांदा हलला. "माझ्यामुळे एवढ्या खिडक्या वाया गेल्या. खिडक्यांचं मुकादमाने काल फोनवर सांगितलं, तेव्हापासून बाळाला मांडीवर घेऊनही हेच डोक्यात."

मग मास्तरणीने ते विचारलं, जे विचारायचं नाही असं तिने ठरवलं होतं. "साहेबांचा तो आभाराचा संदेश. तो त्यांनी सांगितला होता, की..."

"नाही. तो मी माझ्या मनाने लिहिला. त्यांनी लिहायला हवा होता, ते लिहिणार नव्हते. तुम्ही त्या दिवशी पायऱ्यांवर बसला होतात ना, मी फाईल घ्यायला आले होते मागे, तेव्हा पाहिलं होतं."

राग यावा की बरं वाटावं, दोन्ही एकाच वेळी झालं, आणि त्यामुळे ती अजूनच वैतागली. "असं दुसऱ्याच्या नावाने आभार मानत नसतात, वहिनी," एवढंच ती म्हणाली.

"ते आता कळलं," वहिनी म्हणाल्या.

दुपारी साहेबांनी मास्तरणीला बोलावलं. त्यांनी तोडगा काढला होता. दवाखान्याला काहीतरी कारण द्यायलाच हवं, तेव्हा वहिनींना घरी बसवायचं, आणि प्रकरण संपवायचं.

"नाही," ती म्हणाली.

"अहो, चूक त्यांची आहे."

"एकाने किल्ली दिली असती तर त्यांची चूक म्हटली असती. सगळ्यांनी दिल्या, साहेब. तुम्ही पण. त्यांना घालवायचं तर दवाखान्याला हेही सांगावं लागेल की तुमच्या नावाच्या मंजुऱ्यासुद्धा त्याच देत होत्या. ते तुम्ही सांगणार की मी सांगू?"

साहेब बराच वेळ पेनाचं टोपण लावत आणि काढत राहिले. वाईट माणूस नव्हता तो. अवघड प्रश्नाला सोपं माणूस शोधायची त्याला सवय होती.

"मग करायचं काय म्हणता?"

"तो आलेख बंद करा. लोक कामासाठी लिहीत नव्हते, रेघेसाठी लिहीत होते. भाऊंना सगळ्यांसमोर सांगा की चूक त्यांची नव्हती. आणि सगळ्यांचे पासवर्ड आजच बदला, तुमच्यापासून सुरुवात."

साहेबांनी आलेख बंद केला. भाऊंना सगळ्यांसमोर सांगायला मात्र त्यांना जमलं नाही. केबिनमध्ये बोलावून पुटपुटले. भाऊ म्हणाले, "असू दे." वहिनी राहिल्या. खिडक्या नव्याने बनवाव्या लागल्या, आणि त्यासाठी शेडमधल्या माणसांनी दोन सुट्ट्या घालवल्या. त्यांतल्या काहींनी वहिनींशी अबोला धरला, तो पुढे बरेच दिवस टिकला.

मास्तरणीने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पण सगळ्यांना एकत्र बसवून नाही. आधी फक्त मुकादम आणि मापं घेणारा, कारण त्या दोघांचं एकमेकांवाचून अडायचं. ती शेजारी बसायची आणि हात मांडीखाली दाबून धरायची. मुकादमाने एक ओळ लिहायला अख्खी सकाळ घेतली. मध्ये दोनदा त्याने माऊस तिच्याकडे सरकवला, दोनदा तिने परत सरकवला, आणि दुसऱ्या वेळी तो इतका चिडला की उठून शेडमध्ये गेला. जेवणानंतर परत आला. तिने वाट पाहिली होती, पण हसतमुखाने नाही.

भाऊंशी तिने वेगळंच ठरवलं. पाटीवर "बघतो" लिहायचं नाही. एक तर हिरवं बटण, नाही तर लाल. भाऊंनी विचारलं, "आणि नक्की माहीत नसेल तर?" तेव्हा तिला जाणवलं की या माणसाला आजवर "मला माहीत नाही" म्हणायची जागाच कुणी दिली नव्हती. तिने तिसरं बटण बनवून दिलं: थांबा. भाऊंना ते भलतंच आवडलं. आता ते सगळ्यालाच थांबा म्हणायला लागले, आणि शेडमधली माणसं तिच्या नावाने बोटं मोडायला लागली.

तिने वहिनींना विचारलं होतं, की दुपारी दोन तास माझ्याबरोबर शिकवायला बसाल का. तुम्हाला हे सगळ्यांत चांगलं येतं. वहिनींनी विचार केला आणि नाही म्हटलं.

"मला शिकवता येत नाही, मॅडम. मला करून देता येतं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आता कुणी माझ्या टेबलाशी येत नाही, हे बरंच आहे म्हणा. पण दिवस लांब झालाय."

मास्तरीण जाता-येता रिसेप्शनपाशी थांबायला लागली, नातीचे फोटो बघायला लागली.

पाटी पूर्वीसारखी गजबजलेली नाही. लेखनिक अजूनही नकाशा भलत्याच गटात टाकतो. परवा मापं घेणाऱ्याने एका शाळेच्या कामाची मापं नेहमीसारखी फोनवर सांगायला सुरुवात केली, तेव्हा मुकादम दारातूनच म्हणाला, "फोनवर सांगू नकोस, पाटीवर टाक, मला दिसू दे." मग मुकादमाने फोन ठेवला, शेडमध्ये जाऊन पाटी उघडली, काहीतरी भलतंच दाबलं, आणि शेडमधून हाक आली, "मॅडम, इकडे या जरा, सगळं गेलं."

"गेलं नाही, तिथेच आहे," ती जागेवरून म्हणाली. काचवाल्याच्या बिलातल्या शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या. त्या तिने पूर्ण केल्या, सही केली, आणि मग, कपाळाला आठ्या घालूनच, ती सरकत्या दाराकडे निघाली.